न्यूट्रल मारायची सवय आणि पाच घाट

सोलापुरात गाडी शिकलेल्या माणसाला उतार म्हणजे काय ते माहीतच नसतं, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. आमच्याकडं चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल आणि उतार म्हणजे त्याच पुलाची दुसरी बाजू. बाकी सगळं तळहातासारखं सपाट. चौथा गिअर टाकायचा आणि बसायचं. पेट्रोल वाचवायचं असंल तर जरा घसरण दिसली की न्यूट्रल मारायचं, म्हणजे गाडी गिअरातनं काढून नुसती घरंगळू द्यायची, ही सवय मला लुनापासनं आहे.

तर झालं असं की मागच्या दिवाळीत मी एक जुनी मारुती व्हॅन घेतली. ओम्नी म्हणतात कागदावर, पण आपल्याकडं सगळे मारुती व्हॅनच म्हणतात. २०१३ चं मॉडेल, शाळेची मुलं नेणारी नव्हे, एका टेलरिंग मटेरियलवाल्याची घरची गाडी. ७९६ सीसी, चार गिअर, इंजिन बुडाखाली. कंपनीनं २०१९ ला बंद केली त्यामुळं आता मिळतात त्या सगळ्या वापरलेल्याच. विकणारा म्हणाला, "मालक, ही गाडी पळत नाही पण थांबत पण नाही." यातलं दुसरं वाक्य पुढं आंबेनळी घाटात वेगळ्याच अर्थानं खरं ठरलं, ते येतंच पुढं.

मला करायचं होतं एवढंच की मागं झोपायची सोय, एक शेगडी, दोन पाण्याचे कॅन, आणि सह्याद्रीतनं हळूहळू एक चक्कर. हॉटेलं बुक करायची नाहीत, संध्याकाळी जिथं बरं वाटेल तिथं कुणाला तरी विचारून गाडी लावायची. बायको म्हणाली मी येणार नाही त्या डब्यात, अण्णांना घेऊन जा. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७४, एसटीतनं ड्रायव्हर म्हणून रिटायर. नोकरीची पहिली सात वर्षं चिपळूण डेपोत काढली, म्हणजे कुंभार्ली घाट त्यांचा रोजचा. मी विचारलं तर म्हणाले, "येतो, पण मी चालवणार नाही. आणि तुला मध्ये मध्ये सांगणार पण नाही." हे दुसरं त्यांनी पाळलं, दुर्दैवानं.

गाडी तयार करायला तीन आठवडे गेले. आधी वाटलं वेल्डिंग मारून पक्का बेड करू, छताला वर उघडणारं झाकण करू, व्हिडिओत बघितलेलं असतं ना सगळं. एका ओळखीच्या आरटीओ एजंटला विचारलं तर त्यानं हातच जोडले. मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, कंपनीनं गाडी जशी बनवली त्यात मूळ बदल करायचा नाही, सुप्रीम कोर्टानं पण जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलंय. छत कापलं, सीट कायमचं काढलं की पासिंगला आणि इन्शुरन्सला दोन्हीकडं अडकणार. तो म्हणाला, "जे उचलून बाहेर ठेवता येतं ते तुमचं सामान, जे बोल्टानं बसवलं ते गाडीचा भाग, एवढं लक्षात ठेवा." मला हे पटलं. मग सुताराकडनं १२ एमएम प्लायची दोन खोकी करून घेतली. मागच्या सीटची पाठ पुढं पाडली की खोकी मागं बसतात आणि वर तीन फळ्या टाकल्या की साडेपाच फुटी पलंग. खोक्यात भांडी, डाळ-तांदूळ, टूल किट. फळ्या हलू नयेत म्हणून सामान बांधायचे पट्टे. सगळं दहा मिनिटांत निघतं. प्लाय, मजुरी, फोम मिळून ६,२०० रुपये गेले. फोमला कव्हर शिवलं सोलापुरी चादरीचं, पडदे टर्किश टॉवेलच्या कटपीसचे, ते आपल्या गावात किलोवर मिळतात. पडदे फक्त गाडी उभी असताना लावायचे, चालवताना काढून खोक्यात, नाहीतर पोलीसमामा आहेतच.

खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी कापून कडेला छोटी लोहचुंबकं शिवली, दार बंद केलं की पत्र्याला टक् टक् करत चिकटते. एवढं एकच काम मी स्वतः केलं आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. शेगडी मात्र गाडीत पेटवायची नाही हे अण्णांनी आधीच बजावलं होतं. इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, शेगडी बाहेर, आणि दोन्ही बाजूची काच दोन बोटं उघडी. थंडी वाजली तरी उघडी.

गाडी गॅरेजला दाखवली, ऑइल बदललं, कूलंट बदललं, पुढची टायरं नवी टाकली. मेस्त्री म्हणाला ब्रेक ऑइल पण बघू का, मी म्हणलं ब्रेक तर मस्त लागतात, राहू दे. दोन-अडीचशे रुपये वाचवले.

कार्तिकीची गर्दी ओसरली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला निघालो. सोबत शेंगा चटणी, कडक भाकरीची चवड, दह्याचा डबा. मोहोळवरनं पंढरपूर, कळसाचं दर्शन गाडीतूनच, मग म्हसवडच्या रस्त्यानं गोंदवले. गोंदवल्यात दुपारचा प्रसाद घेतला, अण्णा तिथं अर्धा तास डोळे मिटून बसले. हा माणदेशाचा पट्टा आमच्यासारखाच कोरडा, त्यामुळं प्रवासाला निघालोय असं काही वाटेना. पुसेगावच्या पुढं वर्धनगडाचा छोटा घाट लागला आणि पहिल्यांदा मला तिसरा टाकायला लागला. उतरताना मी सवयीनं न्यूट्रल मारलं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग खिडकीतनं बाहेर बघितलं. बोलले काही नाहीत. साताऱ्यात मावसबहिणीच्या अंगणात गाडी लावली, पहिली रात्र. ती तीनदा म्हणाली अरे घरात झोपा की, शेवटी अण्णा घरात आणि मी गाडीत असं झालं.

दुसऱ्या दिवशी यवतेश्वरचा घाट चढून कासला. फुलांचा सीझन ऑगस्ट ते ऑक्टोबर, तेव्हा बुकिंग करून जावं लागतं आणि रस्त्याला गाड्यांची रांग. डिसेंबरात पठार पिवळं पडलेलं, वाळलेलं गवत आणि काळा कातळ, माणूस नाही. २०१२ ला युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाटाची जी ठिकाणं गेली त्यात हे कास आहे, पण मला विचाराल तर फुलं नसताना जा. कातळावर मातीचा थर किती पातळ आहे ते तेव्हाच दिसतं, बोटाचं एक पेर असंल नसंल, आणि एवढ्याशा मातीत पावसाळ्यात तो सगळा गालिचा उगवतो. अण्णा खाली बसून नखानं माती उकरून बघत होते, म्हणाले आपल्या काळ्या रानात वीतभर खणलं तरी काळीच लागती.

कासवरनं खाली बामणोलीला उतरलो. कोयनेच्या धरणाचं पाणी, शिवसागर म्हणतात, पार इथवर मागं आलंय. वासोट्याला जाणाऱ्यांच्या बोटी इथनं सुटतात. आम्हाला वासोटा चढायचा नव्हता, पाण्याकडं बघत बसायचं होतं. एका घराच्या अंगणात विचारून गाडी लावली, त्या काकू म्हणाल्या दोनशे द्या आणि जेवण करणार असाल तर वेगळे. नाचणीची भाकरी आणि मासा. अण्णा माळकरी नाहीत, पण पंढरपूर ओलांडून आल्यावर लगेच मासा नको म्हणाले, त्यांनी शेंगा चटणीवर भागवलं. रात्री अण्णा गाडीत, मी शेजारी तंबूत. पहाटे तंबूचं कापड आतनं ओलं आणि गाडीच्या काचा पण आतनं ओल्या, पाण्याचे थेंब काचेवरनं घरंगळून थेट अण्णांच्या उशीवर. काच दोन बोटं उघडी ठेवायची तर ती त्यांनी रात्री गुपचूप बंद केली होती. स्वतःचाच नियम. मी काही बोललो नाही, फिट्टंफाट.

परत साताऱ्यात येऊन मेढ्याच्या रस्त्याला लागलो. बहुतेक लोक महाबळेश्वरला वाई-पाचगणीवरनं जातात, पसरणी घाटानं. मेढा-केळघरचा रस्ता त्यामानानं रिकामा. कण्हेर धरणाचं पाणी बराच वेळ बाजूनं दिसत राहतं, मग मेढा, मग केळघर, आणि मग घाट सुरू. इथं गाडीनं जीव काढला. दुसरा गिअर, कधी कधी पहिला, बुडाखाली इंजिन असं तापलं की सीट इस्त्रीसारखं. टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर सरकला. मला वाटलं रेटू वरपर्यंत, तर अण्णा पहिल्यांदा बोलले, "बाजूला घे. बंद करू नको, चालू ठेव." इंजिन मंद चालू ठेवलं की पाणी फिरत राहतं, पंखा फिरत राहतो, एकदम बंद केलं तर आहे ती उष्णता आतच कोंडते. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, तोंड भाजून घेतलेले दोन कंडक्टर त्यांनी बघितलेत म्हणे. पंधरा मिनिटांत काटा खाली. तेवढ्यात आम्ही चहा करून घेतला. मागनं येणाऱ्या चार गाड्या हॉर्न मारत गेल्या, जाऊ देत. हळू जायला निघालेल्या माणसाला घाटात सगळ्यात आधी हे शिकायला लागतं की मागं गाडी चिकटली की जागा बघून बाजूला व्हायचं आणि जाऊ द्यायचं, तिला पुढं घालवायचं. नाहीतर आपण तिच्या स्पीडनं पळायला लागतो.

महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर, सोलापूर साडेचारशेच्या आसपास. हा आकडा मला माहीत होता पण अंगावर कळला रात्री. वेण्णा तलावाच्या भागात थंडी वाढली की दव गोठतं, पेपरात फोटो येतात, ते खोटं नसतं. आमच्या रात्री बर्फ नव्हतं पण दोन चादरी कमी पडल्या, मी तंबू सोडून गाडीत घुसलो आणि साडेपाच फुटी पलंगावर दोन माणसं, एक ७४ वर्षांचा रिटायर ड्रायव्हर आणि एक मी, पाय एकमेकांच्या तोंडाकडं करून झोपलो. अण्णांच्या तळपायाला भेगा आहेत, ॲक्सिलेटरच्या पायाला जास्त. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. सकाळी बाजारात स्ट्रॉबेरी नुकती यायला लागली होती, महाग आणि आंबट. घेतली.

आता आंबेनळी. महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीसेक किलोमीटर, आणि तेवढ्यात तुम्ही तेराशे मीटरवरनं जवळजवळ समुद्राच्या पातळीला येता. मध्ये वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा. गड बघितला, अण्णा पायऱ्या बसत बसत चढले. इथपर्यंत ठीक होतं. रस्ता झाडीतला, वळणावर वळण, उजव्या हाताला दरीत निळसर धूर. मी तिसऱ्यात होतो, मध्ये मध्ये न्यूट्रल, आणि पाय सतत ब्रेकवर. सतत म्हणजे सतत, दाबून नव्हे, नुसता ठेवलेला. मला वाटत होतं मी सावकाश चालवतोय, म्हणजे चांगलं चालवतोय.

फाट्यापासनं काही किलोमीटर गेल्यावर करपल्याचा वास आला. मला वाटलं कुणीतरी जंगलात काहीतरी जाळतंय. काच वर केली तरी वास. मग एका वळणाला ब्रेक दाबला तर पाय नेहमीपेक्षा खोल गेला, उशीवर दाबल्यासारखा. परत दाबला, अजून खोल. समोर वळण, पलीकडं कठडा आणि कठड्यापलीकडं काही नाही. २०१८ ला याच घाटात एक अख्खी बस दरीत गेली होती, तीसएक माणसं गेली, ते त्या क्षणी आठवायची गरज नव्हती पण आठवलं.

अण्णा एकदम शांत आवाजात म्हणाले, "दुसऱ्यात टाक." मी क्लच दाबला. "टाक. घाबरू नको, ओरडंल ती." दुसरा पडला, इंजिन किंचाळलं आणि कुणीतरी मागनं दोरी ओढावी तशी गाडी आखडली. "आता हॅण्डब्रेक, बटन दाबूनच ठेव, हळूहळू ओढ. डोंगराच्या बाजूला घे." घेतली. थांबली. मी हात स्टिअरिंगवरनं काढले तर बोटं सरळ होईनात.

पुढच्या दोन्ही चाकांतनं धूर निघत होता. मी पाण्याचा कॅन काढला तर अण्णांनी हात धरला, तापलेल्या लोखंडावर गार पाणी टाकलं तर ब्रेकची डिस्क वाकते नाहीतर तडकते, आपोआप निवू दे. चाकांमागं दगड लावले, मागं पन्नास पावलांवर झाडाची फांदी टाकली, आणि बसलो पाऊण तास. तेव्हा मी विचारलं की तुम्हाला वर्धनगडापासनं दिसत होतं तर बोलला का नाही. म्हणाले, "म्हणलं होतं ना सांगणार नाही म्हणून." मग थोड्या वेळानं, "सांगायला पाहिजे होतं."

आणि मग सगळं सांगितलं, बहुतेक तीस वर्षांचं. ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतरायचं, हे पहिलं. गिअरात असली की इंजिनच चाकं धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाआधी, दाबायचा आणि सोडायचा. पाय ठेवून बसायचं नाही, कारण सोडलेल्या वेळातच तो निवतो. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचतं हे पण खोटं, आजकालच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरात ठेवून ॲक्सिलेटर सोडला की पेट्रोल बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला लागतंच. इंजिन बंद करून उतरायचं तर नावच काढायचं नाही, पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर इंजिनच्या ओढीवर चालतो, तो गेला की पाय दगडावर. खाली बघून घाबरायचं नाही, पुढचं वळण नाही, त्याच्या पुढचं वळण बघायचं, घाटात ते खाली दिसतं. आंधळ्या वळणाला हॉर्न. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट, उतरणाऱ्यानं थांबायचं, कारण चढणारा एकदा थांबला की परत उचलणं अवघड. मी म्हणलं हे कायद्यात पण आहे. म्हणाले असंल, आम्हाला वस्तादानं सांगितलं होतं.

उरलेला घाट दुसऱ्यात उतरलो. पंधरा-वीसच्या स्पीडनं. इंजिनचा आवाज एवढा की बोलता येईना, पण ब्रेकला पाय मोजून लावला, वास परत आला नाही. पोलादपुरात गॅरेज गाठलं. मेस्त्रीनं टाकीतलं ब्रेक ऑइल काचेच्या ग्लासात काढून दाखवलं, कोऱ्या चहासारखं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, ओलावा मुरला की लवकर उकळतं, उकळलं की नळीत वाफ होते आणि पाय वाफेवर पडतो, म्हणून उशीसारखं लागत होतं. दोन वर्षांत एकदा बदलायचं असतं, आमचं बहुतेक कधीच नव्हतं बदललं. त्यानं नवीन टाकलं, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, पुढचे ब्रेक पॅड पण गेले होते ते टाकले. १,४०० रुपये. सोलापुरातले अडीचशे असे वाचले.

रात्र महाडजवळ एका पंपाच्या आवारात काढली, विचारून. तिथं चादर पण नको झाली, एका दिवसात आम्ही डिसेंबरातनं मार्चात आलो होतो. सकाळी वरंधा घाट, भोरकडं जाणारा. हा पावसाळ्यात दरड पडते म्हणून बऱ्याचदा बंद असतो, निघायच्या आधी चालू आहे का विचारून घ्यायचं, आम्ही पंपावरच विचारलं. आधीच्या चार घाटांपेक्षा मला हाच आवडला, खरं सांगायचं तर चढायचा होता म्हणून. माथ्यावर वाघजाईचं देऊळ, भज्यांची दुकानं, माकडं. एका माकडानं उघड्या सरकत्या दारातनं कडक भाकरी पळवली, दोन घास प्रयत्न केला आणि टाकून दिली. अण्णा म्हणाले, सोलापूरचं नाही ते.

पलीकडं उतरताना मी न सांगता दुसरा टाकला. अण्णांनी खिडकीतनं बाहेर बघितलं. खाली नीरा-देवघर धरणाचं पाणी किती वेळ सोबत चालत होतं, रस्ता त्याच्या कडेकडेनं वळतो. एका वळणाला थांबून भात टाकला, पाण्याकडं तोंड करून जेवलो. ही नीरा पुढं नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि तेच पाणी पंढरपुरात चंद्रभागा म्हणून येतं. हे मी शाळेत शिकलोय, पण डोंगरातनं येऊन ते पाणी आपल्याकडं वाहत जाताना बघितलं नव्हतं. अण्णांनी ताट धुवायला ओंजळभर घेतलं आणि बाटलीत पण भरून घेतलं. कशाला विचारलं तर म्हणाले असू दे.

भोरला एक रात्र. मग शिरवळ, लोणंद, फलटण, लोणंदपासनं पुढं माउलींच्या पालखीचाच रस्ता, आता बराचसा चौपदरी झालेला. धर्मपुरीला आपला जिल्हा लागला. डोंगर कधी मागं पडले कळलं नाही, दोन्हीकडं ऊस आणि समोर तीन-चार किलोमीटर सरळ काळी पट्टी. मागनं एक ट्रक हॉर्न मारत ओव्हरटेक करून गेला, मग एक ट्रॅक्टर पण गेला. माळशिरसच्या अलीकडं अण्णा म्हणाले,

"आता टाक की चौथा."